गॉडी नाइट

डॉरोथी एल. सेअर्स (१८९३–१९५७) ह्या इंग्रज लेखिकेची रहस्यप्रधान कादंबरी. लंडन येथे १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉर्ड पीटर विम्झी ह्या उमराव कुळातील हौशी गुप्तहेराला केंद्रस्थानी ठेवून सेअर्सने ज्या अकरा कादंबऱ्या पूर्ण केल्या, त्यांतील ही दहावी. परंतु तिची खरी नायिका हॅरिएट व्हेन ही आहे. रहस्यकथा लिहून स्वतःच्या हिमतीवर उदरनिर्वाह करणारी, बुद्धिमान, मानी, पूर्वायुष्यातील एका चुकीने पोळलेली आणि आपल्या कामावाचून दुसऱ्या कशावरही भरवसा न उरलेली अशी ही स्त्री आहे. तिच्या दोषांवर पांघरूण न घालता तिला नायिकापद देणारी आणि त्या दोषांनाच कथानकाच्या उकलीत स्थान देणारी ही कादंबरी इंग्रजी रहस्यकथेच्या इतिहासात त्या दृष्टीने वेगळी ठरते. कादंबरीत एकही खून होत नाही.

शीर्षकातील ‘गॉडी’ ह्या शब्दाचा ऑक्सफर्डमधील रूढ अर्थ महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा असा आहे. आनंदवाचक लॅटिन शब्दापासून तो आला. भपका, भडकपणा असाही ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ असल्यामुळे शीर्षकाला दुहेरी सूचकता प्राप्त झाली आहे.

हॅरिएटची पूर्वकथा स्ट्राँग पॉयझन (१९३०) ह्या कादंबरीत येते. फिलिप बॉइझ ह्या लेखकाचा विवाहसंस्थेवर विश्वास नसतो. त्याच्या आग्रहास्तव ती लग्नाविना त्याच्याबरोबर राहते. पुढे तोच तिला लग्नाची मागणी घालतो. इतके दिवस आपली परीक्षा पाहिली जात होती, हे ध्यानात येताच अपमानित होऊन ती त्याला सोडून जाते. तो सोमलाच्या विषप्रयोगाने मरण पावतो आणि खुनाचा आरोप हॅरिएटवर येतो. विम्झी खरा गुन्हेगार शोधून तिला फाशीतून सोडवितो व तिला मागणी घालतो. ती नकार देते. जिच्या प्राणांचे ऋण कधीच फिटणार नाही तिने ऋणकोच्या नात्याने पत्नी होणे तिला मान्य नसते. हॅव हिज कारकस (१९३२) मध्ये हीच ओढाताण पुढे चालू राहते. गॉडी नाइटच्या आरंभी ह्या घटनांना पाच वर्षे लोटलेली आहेत. खटल्याच्या बदनामीमुळे हॅरिएटच्या पुस्तकांचा खप वाढलेला आहे, ह्याची तिला स्वतःला बोच आहे. खुनाच्या आरोपातून सुटलेल्या बाईने खुनाच्या कथा लिहीत राहावे, हे अनेकांना अभिरुचीहीन वाटते. तथापि जे काम आपल्याला येते ते सोडावयाचे नाही, एवढे एकच तिने निश्चित केलेले असते.

कादंबरीतील श्रूझबरी हे ऑक्सफर्डमधील स्त्रियांचे महाविद्यालय काल्पनिक आहे. सेअर्सने ते बेल्यल महाविद्यालयाच्या क्रिकेटच्या मैदानावर वसविले आणि ह्या अतिक्रमणाबद्दल पुस्तकाच्या आरंभी त्या महाविद्यालयाची गंमतीने क्षमाही मागितली. त्याचे मूळ मात्र सॉमरव्हिल ह्या तिच्या स्वतःच्या महाविद्यालयात शोधावे लागते. सॉमरव्हिलची स्थापना १८७९ मध्ये झाली. तेथील विद्यार्थिनींना ऑक्सफर्डच्या परीक्षांना बसता येई, उत्तीर्ण होता येई, पण पदवी मिळत नसे. सेअर्स १९१५ साली फ्रेंच भाषा व साहित्य ह्या विषयांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. तिला पदवी मिळाली ती १९२० मध्ये. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केले त्या वर्षी पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १८८९ मध्ये सॉमरव्हिलला गेलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनाही हाच अनुभव आला होता. दिवाणी कायद्याच्या पदवीपरीक्षेला त्या १८९२ मध्ये बसल्या. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पण प्रत्यक्ष पदवीसाठी त्यांना १९२० नंतरपर्यंत थांबावे लागले. मिळालेल्या हक्कांनाही मर्यादा होत्या. विद्यार्थिनींच्या संख्येवर ऑक्सफर्डने १९२७ मध्ये निर्बंध घातला. केंब्रिज विद्यापीठाने तर स्त्रियांना पूर्ण पदव्या १९४८ पर्यंत दिल्याच नाहीत. ब्रिटिश प्रशासकीय सेवेतील स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागे. हा नियम १९४६ पर्यंत टिकला. ह्या पार्श्वभूमीमुळेच श्रूझबरीतील प्रत्येक अध्यापिकेला आपले आसन तात्पुरते असून ते केव्हाही हिरावून घेतले जाईल, असे मनातून वाटत असते. कादंबरीतील भीतीचा उगम येथे आहे.

स्नेहमेळाव्यासाठी अनेक वर्षांनी महाविद्यालयात आलेल्या हॅरिएटला अंगणात एक ओंगळ चित्र सापडते. आपल्या झग्याच्या बाहीत तिला एक निनावी चिठ्ठी मिळते. तीत तिला खुनी म्हणून हिणविलेले असते. ह्या दोन गोष्टी ती मनाआड करते. पुढे महाविद्यालयाची डीन तिला मदतीला बोलाविते, कारण असल्या चिठ्ठ्यांचा तेथे सुळसुळाट झालेला असतो. प्रकरण पोलिसांकडे नेले, तर स्त्रियांच्या उच्च शिक्षणाला नाक मुरडणाऱ्या वृत्तपत्रांना आयतेच कोलीत मिळणार. एका वयस्क अध्यापिकेच्या इंग्रजी छंदःशास्त्रावरील ग्रंथाची मुद्रिते तपासण्यास साहाय्य करणे आणि शेरिडन लफान्यू ह्या एकोणिसाव्या शतकातील भयकथाकाराचा अभ्यास करणे, अशी दोन निमित्ते पुढे करून हॅरिएट तेथे राहू लागते. दरम्यान उपद्रव वाढत जातो. त्या ग्रंथाची मुद्रिते विद्रूप केली जातात, पदवीचे झगे जाळले जातात, उद्‌घाटनाच्या तोंडावर असलेल्या नव्या ग्रंथालयाची नासधूस होते. प्रार्थनागृहात एक बाहुली टांगलेली आढळते व तिच्या अंगावर व्हर्जिलच्या महाकाव्यातील हार्पी ह्या स्त्रीमुखी राक्षसी पक्ष्यांविषयीचा लॅटिन उतारा टाचलेला असतो. एके रात्री विजेच्या जोडण्या काढून महाविद्यालय अंधारात बुडविले जाते. अशाच पत्रांच्या माऱ्याने खचलेली एक विद्यार्थिनी नदीत जीव देण्याचा प्रयत्न करते. ती वेळीच वाचविली जाते. पण येथून पुढे हा प्रकार केवळ खोडसाळपणा राहत नाही.

रहस्यकथेत बंदिस्त जागा व मोजके संशयित ही योजना नवी नाही. सेअर्सने तिचा उपयोग मात्र अनपेक्षित रीतीने केला आहे. काही प्रसंगांच्या वेळी बाहेरची माणसे तेथे नसतात, आणि लॅटिन उतारा तर कोणा विदुषीकडेच बोट दाखवितो. त्यामुळे संशय अध्यापिकांवर येऊन ठेपतो. त्या सर्व अविवाहित, मध्यमवयीन व ग्रंथांत बुडालेल्या. दडपलेल्या वासनांमुळे अशा स्त्रियांची मने विकृत होतात, हा त्या काळी मानसशास्त्राच्या अर्धवट ज्ञानातून फैलावलेला समज होता. विशेष असे, की हा समज त्या अध्यापिकांनाही पटलेला असतो. जेवणाच्या मेजावर त्या एकमेकींकडे चोरून पाहू लागतात. इतिहासाची अध्यापिका मिस हिलयार्ड हिच्या कडवट बोलण्याचा वेगळा अर्थ लावला जाऊ लागतो. वर्षानुवर्षे जुळलेले स्नेहसंबंध काही आठवड्यांत नासतात. कादंबरीतील हा भाग सर्वांत सरस आहे. तेथे दार करकरण्याची गरज पडत नाही. सुसंस्कृत स्त्रियांच्या सौजन्यपूर्ण संभाषणातच भीती मुरत जाते.

हॅरिएटचा दोषही येथेच कथानकात शिरतो. लेखिका म्हणून ती पुरावा कसा जुळवावा हे जाणते, पण येथे तिला ते साधत नाही. महाविद्यालयाचे शांत, अभ्यासमग्न जीवन तिला मोह घालीत असते. पुरुषाच्या प्रेमाने एकदा होरपळल्यामुळे विद्येचा हा निवारा कायमचा पत्करावा, असे तिला वाटते. त्याच वेळी असे जीवन स्त्रीला वेडाकडे नेते काय, ही शंका तिला छळते. म्हणजे ती जे कोडे सोडवू पाहते, त्याचे उत्तर काय निघते ह्यावर तिचे स्वतःचे भवितव्य अवलंबून आहे. त्यामुळे तिची नजर गढुळते. ती चुकीच्या व्यक्तींवर संशय घेते, समोर असलेले दिसत नाही. इतर रहस्यकथांत गुप्तहेराची चूक बहुधा कथा लांबविण्यासाठी योजलेली असते. येथे ती नायिकेच्या स्वभावातून, तिच्या गतायुष्यातून अपरिहार्यपणे निघते.

अनुमानशक्ती शाबूत असलेला विम्झी राजनैतिक कामगिरीवर युरोपात असतो. तो उन्हाळी सत्रात ऑक्सफर्डला येतो. अध्यापिकांबरोबरच्या भोजनानंतर त्याने सहज काढलेला विषय कादंबरीचा कळस मानावयास हरकत नाही. संशोधकाने सत्य केव्हा लपवावे? मित्रासाठी? उपाशी बायकामुलांसाठी? सी. पी. स्नो ह्याच्या द सर्च (१९३४) ह्या कादंबरीत एक शास्त्रज्ञ दुसऱ्याने केलेली लबाडी उघडकीस न आणता सोडून देतो. त्या प्रसंगाचा उल्लेख निघतो. ह्याच पुस्तकाची पाने फाडलेली प्रत महाविद्यालयात सापडलेली असते. चर्चेच्या ओघात नव्याने आलेली संशोधिका मिस डी व्हाइन एक जुनी हकीकत सांगते. रॉबिन्सन नावाच्या एका इतिहास-संशोधकाला आपला सिद्धांत खोटा ठरविणारे एक पत्र परदेशातील ग्रंथालयात सापडले होते. त्याने ते दडविले. प्रबंध तपासताना तिच्या ते लक्षात आले व तिने ते उघड केले. त्याची पदवी गेली, नोकरीही गेली. त्या माणसाचे पुढे काय झाले, ह्याची चौकशी तिने कधी केली नव्हती. (ह्या प्रकरणातील यॉर्क विद्यापीठ लेखिकेने कल्पिलेले होते. त्या नावाचे खरे विद्यापीठ १९६३ मध्ये स्थापन झाले.)

पुढे काय झाले ते असे, की तो व्यसनाधीन झाला व त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याची विधवा ॲनी दोन मुलींचे पोट भरण्यासाठी मोलकरीण झाली आणि श्रूझबरीत काम करू लागली. मिस डी व्हाइन तेथे नेमली गेल्यावर तिच्या मनातील सूड पेटला. लॅटिन उतारा तिला नवऱ्याच्या शेवटच्या पत्रात मिळाला होता. तो टाचण्यासाठी विद्वत्तेची गरज नव्हती. मिस डी व्हाइनच्या खोलीत दबा धरून बसलेली ॲनी चुकून हॅरिएटचा गळा दाबते. विम्झीने आधीच तिला गळ्यात घालण्यासाठी कुत्र्याचा चामडी पट्टा दिलेला असतो व त्यामुळे ती वाचते. सर्व अध्यापिकांसमोर विम्झी पुरावा मांडतो. तेव्हा ॲनीचा जो उद्रेक होतो तो ह्या कादंबरीतील सर्वांत जळजळीत प्रसंग होय. एका कागदाच्या तुकड्यासाठी तुम्ही माझा संसार उद्ध्वस्त केलात, पुरुषांच्या जागा बळकावून त्यांना भिकेला लावलेत, असा तिचा आरोप आहे. नवऱ्याने चोरी केली की नाही, हा प्रश्न तिला क्षुल्लक वाटतो. तो आपला होता, एवढेच तिला पुरेसे आहे.

गुन्हेगाराला लपविण्याची सेअर्सची युक्ती येथे पाहण्याजोगी आहे. ॲनी पहिल्यापासून वाचकासमोर वावरते आणि आपले मत लपवीत नाही. इतक्या बायकांनी लग्नाविना एकत्र राहणे बरे नव्हे, बायकांनी पुस्तके वाचून काय साधायचे, असे ती हॅरिएटला मोकळेपणी सांगते. हॅरिएटला त्यात वावगे काही वाटत नाही, वाचकालाही वाटत नाही. कारण मोलकरणीने, किंबहुना कोणीही, असेच बोलावे ही त्या समाजाची अपेक्षा असते. लोकमताच्या आड गुन्हेगार निर्धास्त उभा राहतो. अविवाहित विदुषीवर संशय घेणाऱ्या वाचकाला शेवटी कळते, की विध्वंस करणारी व्यक्ती तीच आहे, जिने पत्नी व माता ह्या नात्यांपलीकडे कशालाही मूल्य दिले नाही. वाचकाचा पूर्वग्रह हाच चकव्याचे साधन होतो. हिटलर १९३३ मध्ये जर्मनीत सत्तेवर आल्यानंतर तेथील स्त्रियांना चूल आणि मूल ह्यांच्याकडे परत ढकलण्याचे धोरण सुरू झाले होते. कादंबरीत त्याचे पडसाद उमटतात. आधुनिक राज्यातील स्त्रीच्या स्थानाविषयी एका अध्यापिकेने लिहिलेला ग्रंथ जाळला जातो, हे ह्या संदर्भात लक्षात ठेवावे.

तथापि सेअर्सने ॲनीला नुसती खलनायिका केलेली नाही. आपण केले ते योग्यच होते, पण त्या कुटुंबाचे काय झाले ह्याची चौकशी आपण करावयास हवी होती, ही मिस डी व्हाइनची कबुली कथेचा तोल सांभाळते. सत्य सोडता येत नाही आणि सत्य सांगण्याची किंमत बहुधा तिसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते, हा पेच लेखिकेने सोडविलेला नाही. तो तसाच राहू दिला आहे.

विम्झी आणि हॅरिएट ह्यांच्या नात्याचा उलगडाही ह्याच प्रश्नाशी जोडलेला आहे. धोका आहे म्हणून तो तिला काम सोडण्यास सांगत नाही. स्वसंरक्षणाचे डाव शिकवितो. तिच्या लिहावयाच्या कादंबरीतील विल्फ्रिड हे पात्र निर्जीव आहे, त्याला खरे मन द्यावे, अशी टीकाही तो करतो. तसे करणे आपल्याला यातना देईल, असे ती म्हणते. चांगले पुस्तक होणार असेल, तर त्या यातनांचा विचार कशाला, असा त्याचा रोख असतो. आपले काम कोणी इतक्या गांभीर्याने घेतल्याचा तिचा हा पहिलाच अनुभव असतो. बेल्यलमध्ये बाखची दोन व्हायोलिनांची रचना दोघे ऐकतात. तीत दोन्ही वाद्यांचे सूर परस्परांत विरून न जाता बरोबरीने चालतात. त्यानंतर पदवीदान समारंभातील लॅटिन शब्दांचा आधार घेऊन तो पुन्हा मागणी घालतो व ती त्याच भाषेत होकार देते. दोघेही त्या विद्यापीठाचे पदवीधर आहेत, ह्या बरोबरीच्या नात्याने हा संवाद होतो.

कादंबरीतील आत्मचरित्रात्मक अंश लपण्यासारखा नाही. जॉन कूर्नोस ह्या लेखकाशी सेअर्सचे प्रेमसंबंध होते. तत्त्व म्हणून त्याने लग्न नाकारले व नंतर दुसरीशी लग्न केले. तिला १९२४ मध्ये विवाहबाह्य मुलगा झाला. ही गोष्ट तिने जगापासून लपवून ठेवली आणि मुलाला एका मावस बहिणीकडे वाढविले. एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी करीत तिने आपल्या पहिल्या कादंबऱ्या लिहिल्या. सॉमरव्हिलच्या १९३४ मधील मेळाव्यात विद्यापीठाच्या गौरवार्थ भाषण करण्यासाठी तिला निमंत्रण आले. विद्यापीठाने आपल्याला दिले ते काय, ह्याचा विचार करता बौद्धिक प्रामाणिकपणा ही एकच गोष्ट तिला सांगावीशी वाटली. त्या सुमारास ती कॅट ओ’ मेरी नावाची एक साधी सामाजिक कादंबरी लिहीत होती. ती अपुरी राहिली व तिचा आशय गॉडी नाइटमध्ये आला, हे तिने स्वतःच नंतरच्या एका निबंधात नमूद केले आहे. स्त्रियांनी काय करावे हा प्रश्नच चुकीचा असून हे विशिष्ट काम कोणाला उत्तम येते एवढेच पाहावे, ही तिची भूमिका १९३८ मधील एका व्याख्यानात अधिक स्पष्ट झाली आहे.

कादंबरीत उणिवा आहेत. तिचा विस्तार अवाजवी असून मधल्या भागात कथेची गती अनेकदा थांबते. प्रकरणांच्या आरंभीची जुन्या इंग्रजी ग्रंथकारांची अवतरणे व संवादांतील लॅटिन ह्यांमुळे बहुश्रुत नसलेल्या वाचकाला परकेपणा जाणवतो. क्यू. डी. लीव्हिस हिने १९३७ मध्ये कडक टीका करताना विद्यापीठीय जीवनाचे हे चित्र खोटे व लोकप्रिय साहित्याला विद्वत्तेचा मुलामा देणारे असल्याचे म्हटले. विम्झीचे अतिरेकी आदर्शीकरण हाही आक्षेप वाजवी आहे. ह्याहून गंभीर आक्षेप वर्गविषयक आहे. विदुषी निर्दोष ठरतात आणि अपराध मोलकरणीच्या पदरी येतो. ॲनीच्या दुःखाला बोलावयास अवधी मिळतो तो केवळ शेवटच्या काही पानांत. महाविद्यालय चालविणाऱ्या सेविकांच्या श्रमांवरच अध्यापिकांची अभ्यासातील निश्चिंती उभी आहे, ह्याची जाणीव कादंबरीत अंधुक आहे. विवाह व अभ्यास ह्यांचा मेळ घालण्याच्या प्रश्नावर सेअर्सने जी लहान पात्रे उभी केली, ती मात्र मार्मिक आहेत. एक तल्लख विद्यार्थिनी शेतकऱ्याशी लग्न करून शेतात राबता राबता पार थकून गेलेली दिसते. दुसरी पुरातत्त्ववेत्त्या नवऱ्याबरोबर उत्खननाचे काम करते व सुखी आहे. लेखिका ह्यांपैकी कोणालाही आदर्श म्हणून पुढे करीत नाही.

रहस्यकथेला कोड्याच्या चौकटीतून काढून स्वभावचित्रणाच्या व नैतिक प्रश्नाच्या कादंबरीकडे नेण्याचा सेअर्सचा हेतू येथे बव्हंशी साधला. नोकरीपेशातील, चुका करणारी, स्वतःच्या निर्णयाचे ओझे वाहणारी स्त्री हे पुढील काळातील इंग्रजी रहस्यकथेत नेहमी भेटणारे पात्र आहे. पी. डी. जेम्स हिच्या ॲन अन्‌सूटेबल जॉब फॉर अ वूमन (१९७२) मधील तरुण गुप्तहेर कॉर्डेलिया ग्रे हिला सत्य आणि करुणा ह्यांतून एकाची निवड करावी लागते. ती नेमकी मिस डी व्हाइनच्या उलट निवड करते आणि सत्य दडविते. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचणे उद्‌बोधक ठरते.

हॅरिएट व विम्झी ह्यांच्या विवाहानंतरचे कथानक बसमन्स हनिमून (१९३७) मध्ये आले. त्यानंतर सेअर्स धार्मिक नाट्यलेखनाकडे व दान्तेच्या महाकाव्याच्या भाषांतराकडे वळली. थ्रोन्स, डॉमिनेशन्स ही तिने अपुरी टाकलेली विम्झी-कादंबरी जिल पेटन वॉल्श हिने पूर्ण करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. गॉडी नाइटचे दूरदर्शन-रूपांतर बीबीसीने १९८७ मध्ये सादर केले. त्यात हॅरिएटची भूमिका हॅरिएट वॉल्टर हिने व विम्झीची एडवर्ड पेदरब्रिज ह्याने केली होती.